थ्री-नॉट-थ्रीच्या दस्त्यासाठी घेतलेला बिट सेट: दिवाळी ते आषाढ वापरून

पोलिसात आरमोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून नोकरी झाली, आता आर्वीजवळच्या गावात लाकूडकाम करतो. नागपूरचे एक परवानाधारक दुकानदार प्रदर्शनासाठी निकामी केलेल्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीचे, म्हणजे ली-एनफील्ड रायफलीचे, लाकडी दस्ते माझ्याकडे पॉलिशला पाठवतात. नळी, ती मागून बंद करणारा बोल्ट सगळं त्यांच्याच कुलपात. माझ्याकडे येते ते लाकूड आणि त्यावर बसलेलं पितळ-लोखंड. हे धातूचे भाग लाकडाला ओरखडा न येता काढणं हेच खरं काम, पॉलिश त्यामानाने सोपं. त्यासाठी दिवाळीत पोराने हा पेचकसाच्या सपाट बिटांचा, म्हणजे मुठीत बसवायच्या सुट्या टोकांचा, सेट मागवून दिला. बाराशेच्या आसपास पडला.

साध्या पेचकसाचं टोक पाचरीसारखं निमुळतं असते. जोर लावला की ते खाचेतून वर चढते आणि काठ खाऊन टाकते. या बिटांचं टोक दोन्ही बाजूंनी समांतर घासलेलं आहे, त्यामुळे थेट खाचेच्या तळाला जाऊन बसते. जुन्या लष्करी स्क्रूंची खाच अरुंद, तिथे बाजारातलं जाड टोक अर्ध्यातच अडकते. पैसे वसूल झाले ते इथेच.

पण नुसत्या बिटाने काही होत नाही बाप्पा. दस्त्याच्या पाठीवरची पितळी बट प्लेट दोन लाकडी स्क्रूंवर असते, आणि या दस्त्यांना वर्षानुवर्षं जवसाचं तेल पाजलेलं. ते तेल आट्यांत जाऊन वाळलं की डिंकासारखं धरते, वरून गंज. मी साठ वॅटचं सोल्डरिंगचं टोक दोन-तीन मिनिटं स्क्रूच्या डोक्यावर टेकवून ठेवतो. थंड झालं की बिट बसवून मुठीवर लाकडी मोगरीचा हलका ठोका देतो, आधी केसभर आवळतो आणि मग उलटं फिरवतो. 'कुर्र' असा आवाज आला की समजायचं, सुटलं. गंज सोडवायचं तेल घालायचंच तर थेंबभर, आणि दस्ता प्लेट खाली करून उभा ठेवायचा, नाहीतर तेल लाकडात उतरून काळा डाग पडते. तसेही दस्त्याच्या अक्रोडी लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड मिळून स्क्रूभोवती काळं कडं धरलेलंच असते. ते नंतर ऑक्झॅलिक ॲसिडने निघते. ॲसिड विषारी आहे, हातमोजे घालूनच हात लावा.

स्क्रू निघाले म्हणून प्लेट कडेने उचकायची नाही. खालच्या टोकाचं लाकूड हमखास टवका होऊन येते. लाकडी ठोकळा लावून सुटेपर्यंत टकटक करायचं. पावसाळ्यात लाकूड फुगून स्क्रू आणखी घट्ट धरते, म्हणून ही कामं मी आता उन्हाळ्यावर ढकलतो.

तक्रारी आहेत. सगळ्यात बारीक बिट दस्त्यावरच्या पितळी चकतीच्या स्क्रूवर टचकन तुटलं. पोलाद जास्तच कडक केलेलं दिसते. विकणाऱ्याने बदलून दिलं नाही. मूठ गोल गुळगुळीत, तेलकट हातात फिरते. मी तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवली. डबीची कडी तर होळीच्या आतच गेली.

आणि लांब बिट नाहीच. दस्ता रायफलीला जोडणारा आतला लांबलचक बोल्ट (कुलपातला तो वेगळा) बट प्लेटच्या झडपेतून फिरवावा लागते, त्याला फूटभराच्या वर लांबीचा पेचकस वेगळाच लागतो. इथे एक गोष्ट खोलणाऱ्यांना सांगून ठेवतो. नंबर वन मार्क थ्री या एनफील्डच्या जुन्या मॉडेलमध्ये नळीखालचं पुढचं लाकूड आधी उतरवा, मग हा बोल्ट फिरवा. बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागच्या पट्टीत अडकलेलं असते. तसंच फिरवलं तर टोक पट्टीला फाकवते आणि लाकूड उभं चिरते. माझ्याकडे असे चिरलेले तुकडे दरवेळी येतात, आणि पाठवणारा म्हणते, "जुनं होतं, आपोआप तडकलं."

काढलेले स्क्रू मी पुठ्ठ्यावर दस्त्याचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवतो. एनफील्डच्या आट्यांना आजचे मेट्रिक स्क्रू लागत नाहीत, हरवला तर बाजारात शोधत बसावं लागते.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर एक-दोन रुंद बिटं जास्तीची मागवा आणि ऑइलस्टोनवर आपल्या खाचेच्या मापाने घासून घ्या. ग्राइंडरवर घासत असाल तर मधूनमधून पाण्यात बुडवा, तापून पोलाद निळं पडलं की टोक मऊ होते.