अडचणीतल्या शेतकरी कुटुंबासाठी काउंटीने काय निवडावे: करसवलत, हक्कखरेदी की टीडीआर?

अमेरिकेतील काउंटी आपल्या जिल्ह्याच्या जवळपासची संस्था असली, तरी शेतीच्या बाबतीत तिचे हात बरेच बांधलेले असतात. दुधाचा भाव, पीकविमा आणि मोठी अनुदाने ठरतात ती वॉशिंग्टनमध्ये. काउंटीकडे उरतो तो मालमत्ता कर आणि जमिनीच्या वापराचे नियम. २०२२ च्या कृषिगणनेत देशातील शेतांची संख्या सुमारे १९ लाख भरली, म्हणजे २०१७ पेक्षा साधारण १ लाख ४२ हजारांनी कमी, आणि शेती करणाऱ्यांचे सरासरी वय ५८.१ वर्षे निघाले. अशा स्थितीत काउंटीच्या सभेपुढे प्रामुख्याने जे तीन मार्ग येतात, त्यांची तुलना करताना एकच प्रश्न समोर ठेवावा, असे मला वाटते: पैसा नेमका कोणाच्या हातात आणि केव्हा पडतो?

पहिला मार्ग करसवलतीचा. जमिनीवर बंगले उभे राहिले तर तिला काय किंमत येईल ते न पाहता, पिकातून ती काय देऊ शकते त्यावर कर आकारायचा. मेरीलंडने १९५६ मध्ये ही पद्धत सुरू केली आणि आज ती या ना त्या रूपात पन्नासही राज्यांत आहे. कॅलिफोर्नियात १९६५ च्या विल्यमसन कायद्यानुसार जमीनमालक काउंटीशी किमान दहा वर्षांचा करार करतो, आणि तो मुदतीआधी रद्द करून घ्यायचा तर सामान्यतः बाजारभावाच्या साडेबारा टक्के शुल्क भरावे लागते. मात्र सवलतीमुळे बुडणारा महसूल भरून देणारे राज्याचे अनुदान २००९ मध्ये जवळजवळ बंद झाले आणि भार काउंट्यांवर आला. इम्पिरियल काउंटीने तर त्यानंतर करारांचे नूतनीकरणच थांबवले. शिवाय ही सवलत जमिनीच्या मालकाला मिळते. खंडाने जमीन कसणाऱ्याच्या पदरात त्यातले काही पडेल याची हमी नाही. कर्जाचे हप्ते थकलेल्या घराला कमी झालेल्या कराने थोडी उसंत मिळेल, पण कर्ज फिटणार नाही.

दुसरा मार्ग विकासहक्क विकत घेण्याचा. न्यूयॉर्क राज्यातील सफोक काउंटीने लाँग आयलंडवरील बटाट्याची शेते घरबांधणीखाली जाताना पाहून १९७४ मध्ये देशातील असा पहिला काउंटी कार्यक्रम आखला. आपल्या भाषेत सांगायचे तर जमीन ‘एन.ए.’ करण्याचा हक्क काउंटी विकत घेते आणि सातबाऱ्यावर बोजा चढावा तशी त्याची कायमची नोंद दस्तात होते. जमीन मात्र शेतकऱ्याचीच राहते. समजा, १०० एकरांच्या शेताला बिल्डर एकरी १८ हजार डॉलर देतो आणि निव्वळ शेतीसाठी तीच जमीन ८ हजारांना जाते. मधला फरक एकरी १० हजारांचा, म्हणजे एकूण १० लाख डॉलर. एवढी रक्कम एकदम हाती आली तर कर्ज फिटते, गोठा दुरुस्त होतो, वाटणी मागणाऱ्या भावंडांचे समाधान करता येते. यातली मेख अशी की जमीन तारण असेल, तर बँकेने आपला हक्क या नोंदीच्या मागे ठेवण्यास लेखी संमती द्यावी लागते, आणि बँक ती सहसा आपला वाटा आधी वसूल करूनच देते. मूल्यांकन, मोजणी, कागदपत्रे यांत दोन-दोन वर्षे सहज जातात. ज्याच्या दारात जप्तीची नोटीस आली आहे त्याला तेवढा वेळ नसतो.

तिसरा मार्ग टीडीआरचा, म्हणजे हस्तांतरणीय विकासहक्कांचा. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीमुळे हा शब्द आपल्याकडे परिचित आहे, फक्त तो ऐकल्यावर आपल्याला शेत आठवत नाही. मेरीलंडमधील माँटगोमेरी काउंटीने १९८० मध्ये सुमारे ९३ हजार एकरांचे, म्हणजे काउंटीच्या जवळजवळ एक तृतीयांश भूभागाचे, कृषी राखीव क्षेत्र ठरवले आणि पाच एकरांमागे एक घर हे प्रमाण पंचवीस एकरांमागे एक असे घटवले. १०० एकरवाल्याची घरे वीसवरून चारवर आली. मोबदल्यात त्याला पाच एकरांमागे एक असे वीस हक्क मिळाले. चार घरांपुरते हक्क राखून उरलेले सोळा तो शहरी भागात जादा घरे बांधू पाहणाऱ्या बिल्डरला विकू शकतो. हक्कखरेदीसाठी काउंटीची तिजोरी रिकामी होत नाही, हे या मार्गाचे मोठेच आकर्षण. परंतु हक्काचा भाव घरबांधणीच्या तेजीमंदीवर हलतो, आणि बंधन मात्र पहिल्या दिवसापासून लागू होते. जिथे शहर वाढतच नाही, अशा विस्कॉन्सिनच्या आडबाजूच्या दूध उत्पादक भागात हे हक्क घेणार कोण?

म्हणून निर्णय घेणाऱ्या सभासदाला मी असे सुचवीन की करसवलत आहे तशी चालू ठेवावी, पण तिला संकटनिवारण म्हणू नये. महानगराच्या कडेला असाल तर टीडीआरचा विचार करावा. आणि हाती असलेला थोडका निधी हक्कखरेदीत घालावा. त्याआधी वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीचा अनुभव पाहावा. तेथील मतदारांनी १९७९ मध्ये ५ कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली आणि हजारो एकर जमीन काँक्रीटपासून वाचली; तरीही त्यांतील काही जमिनींवर आज धनिकांची निवासस्थाने आणि हौशी घोड्यांची कुरणे आहेत, कारण बांधकामावरची बंदी ही शेती करण्याची सक्ती नव्हे. मॅसॅच्युसेट्स आणि व्हरमाँट या राज्यांच्या हक्कखरेदीच्या करारांत त्यावर एक कलम असते: जमीन शेतकरी नसलेल्याला विकली जात असेल, तर ती शेतीच्या भावाने घेण्याचा पहिला पर्याय कराराच्या धारकाकडे, म्हणजे विकासहक्क घेणाऱ्या संस्थेकडे, राहतो. सभेपुढे आलेल्या मसुद्यात हे कलम आहे की नाही, एवढे मतदानापूर्वी तपासून घ्यावे. एकदा दस्त नोंदला गेला की ते मागाहून घालण्यासाठी मालकाची मनधरणी करावी लागते.