चार गोल दिसले होते, तरी ३४,८१० रुपये पाठवले

आधी आकडा सांगून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता मीच तो कमी करेन. ३४,८१० रुपये, जुन्या गाडीच्या पार्टपायी एका ठगाला पाठवलेले. घरी 'वीस-बावीस हजार' एवढंच माहीत आहे. खरा आकडा फक्त मुलाला ठाऊक आहे, आणि तो का ठाऊक आहे ते पुढे येईलच.

मी कोल्हापूरचा. एका पतसंस्थेत हिशेब बघतो. दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरं उलटीपालटी करायची, सही जुळते का, तारीख खोडली आहे का ते बघायचं, यावर माझं घर चालतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण कुणी फसलं की 'एवढं पण कळत नाही का माणसाला' म्हणणाऱ्यांत मी पहिला असायचो.

गाडी वडिलांची, १९८८ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट. टॅपेट सेट करणं, पॉइंट घासणं, ब्रेकची हवा काढणं, ग्रीस मारणं हे सगळं मी रविवारी घरीच करतो. १,०८९ सीसीचं साधं इंजिन, बॉनेट उघडलं की सगळं हाताला लागतं. २०२३ मध्ये ५,००० रुपये फी भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली, तेव्हा एजंट म्हणाला होता, 'काका, भंगारात काढा की.' काढली नाही.

दिवाळीनंतर रत्नागिरीहून येताना आंबा घाटात पाणी उकळलं. थांबलो, पण उशीर झाला होता. घरी आल्यावर ऑइलची काठी काढली तर दुधाच्या चहासारखं ऑइल, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये गास्केट, म्हणजे हेड आणि इंजिनामधली सीलची पट्टी, जळालेलं, आणि हेडला पाण्याच्या वाटेजवळ केसाएवढी चीर. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, तापलं की हेच होतं. उद्यमनगरातल्या वेल्डरनं ते हातात फिरवून बघितलं आणि म्हणाला, वेल्डिंग आणि फेसिंग (घासून सपाट करणं) मिळून ३,५०० रुपये, पण गॅरंटी मागू नका. मला गॅरंटी हवी होती. या एका शब्दापायी पुढचं सगळं.

इचलकरंजीच्या एका पद्मिनीवाल्यानं जुने पार्ट विकणाऱ्याचा नंबर दिला. त्यालाही तो दुसऱ्या कुणाकडून मिळालेला. समोरचा माणूस कुर्ल्याचा, म्हणजे तसं तो सांगायचा. वडील प्रीमियरच्या कुर्ला कारखान्यात स्टोअरला होते, कारखाना थंडावला तेव्हा काही माल लिलावात घेतला, तो पोटमाळ्यावर पडून आहे. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, आता गिऱ्हाईक राहिलं नाही, जागा रिकामी करायची आहे. यातली कारखान्याची आणि टॅक्सीची गोष्ट खरी आहे, प्रत्येक पद्मिनीवाल्याला पाठ आहे. मला आता वाटतं त्यानं खोटं फार थोडं सांगितलं. खऱ्याच्या मधोमध एक पोटमाळा घुसवला, बस.

आणि मी लगेच हेड मागितलं नाही, हे लक्षात घ्या. डिसेंबरात आधी ब्रेकच्या व्हील सिलिंडरची किटं आणि कार्बोरेटरचं किट मागवलं. १,८५० रुपये. चौथ्या दिवशी कुरिअरनं घरी. माल चोख, जुन्या पिवळट पाकिटातला. याला मी 'परीक्षा' समजत होतो. ती माझीच चालली होती. हा गळाचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे, मलाही होता. पण गळाला लावलेला गांडूळ इतका ताजा असतो हे माहीत नव्हतं.

शिवाय त्याला गाडी कळत होती हो. स्टिअरिंगखालच्या गिअर लिव्हरचे बुश झिजले की दुसरा गिअर कसा अडकतो, त्यावर जुने टॅक्सीवाले काय जुगाड करायचे, हे तो मला सांगत होता. चोर मालातलाही जाणकार असेल असं कुणाच्या डोक्यात येतं? 'दादा, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून या गाड्या आहेत' असं म्हणायचा. बावन्न वर्षांच्या माणसाला इतक्या प्रेमानं कुणी दादा म्हटलं की तो पाघळतो. मी पाघळलो.

आता ते चार गोल.

त्यानं हेडचे सहा फोटो पाठवले. 'एकदम नवं, गाडीवर कधी चढलेलंच नाही.' तिसऱ्या फोटोत हेड उलटं ठेवलेलं, खालचा सपाट भाग वर. ज्वलनाच्या चारही खोलगटांभोवती एकेक फिकट गोल. ज्यानं आयुष्यात एकदा तरी हेड उतरवलंय त्याला हे गोल काय असतात ते सांगायला नको. गास्केटच्या धातूच्या कड्या हेड आवळल्यावर अ‍ॅल्युमिनियमवर उमटतात, ते ठसे. कधीच न चढलेल्या हेडवर ते येणार कुठून?

मी फोटो मोठा केला होता. बोटांनी ताणून, नीट बघितला होता. माझं स्वतःचं चिरलेलं हेड समोर वर्तमानपत्रावर पडलं होतं आणि त्याच्यावर तेच गोल होते. आणि मी स्वतःला काय सांगितलं? की इतकी वर्षं गास्केट वर ठेवूनच पॅक केलं असेल, दमटपणानं डाग पडले असतील, मुंबईची हवा. त्याला विचारलंसुद्धा नाही. त्यानं सबब द्यायच्या आधी मीच त्याच्यासाठी ती तयार केली. खोटं व्हाउचर घेऊन आलेल्या शिपायाला मी अर्धा तास उभा करतो, आणि इथे मीच चोराचा वकील झालो. रात्री झोप येत नाही ती पैशांमुळे नाही, त्या तिसऱ्या फोटोमुळे.

दुसरी खूण तर पतसंस्थेतल्या माणसानं झोपेतसुद्धा पकडायला हवी होती. १,८५० गेले तेव्हा यूपीआयवर एक नाव दिसलं होतं. हेडचं टोकन पाठवताना वेगळंच नाव, एका बाईचं. 'मिसेसचं खातं आहे दादा, माझं लिमिट संपलं.' आठ हजारांनी कुणाचं लिमिट संपतं? पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर जे नाव येतं ते शोभेसाठी नसतं. वाचा, आणि विकणाऱ्याच्या नावाशी जुळत नसेल तर तिथंच थांबा.

हिशेब असा. शनिवार ११ जानेवारी २०२५, टोकन ८,०००. मग तो म्हणाला, हेडसोबत पूर्ण गास्केट सेट, वॉटर पंप, नवे व्हॉल्व्ह आणि पुढची क्रोमची जाळी असा लॉट २७,५०० ला देतो, सुटं विकणार नाही. जाळी! माझ्या गाडीच्या जाळीचा क्रोम दहा वर्षांपूर्वी उडालाय. १४ तारखेला, संक्रांतीच्या दिवशी, उरलेले १९,५०० पाठवले. त्यानं तिळगुळाचा फोटो पाठवला, 'गोड गोड बोला दादा.' गोडच बोलत होता हरामखोर. १६ तारखेला लाकडी खोक्याचे २,३६०. १८ तारखेला 'जीएसटी आणि ई-वे बिल' (मालवाहतुकीचा सरकारी कागद) म्हणून ४,९५०. पन्नास हजारांच्या आतल्या मालाला ई-वे बिल लागत नाही हे आमच्या संस्थेतल्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत आहे. पण २७,५०० जाऊन बसले होते ना! बुडालेल्या पैशाच्या मागे आणखी पैसा का जातो, हे मी दर महिन्याला कर्जदारांना ऐकवतो.

त्यानं ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो पाठवला. शिक्का, सही, नंबर, सगळं. २० तारखेला सकाळी फोन, गाडी किणी टोल नाक्यावर तपासणीत अडकली आहे, ६,२०० भरा, माल सोडवला की परत मिळतील. मी मोबाइल काढलाच होता. मुलगा शेजारी चहा पीत होता, त्यानं ऐकलं आणि माझ्या हातातून फोनच काढून घेतला. 'बाबा, टोलवाले माल कधीपासून तपासायला लागले?' एवढंच म्हणाला. मग मागचे सगळे मेसेज त्यानं वाचले, मी समोर बसलेलो असताना. दहावीचा निकाल वडिलांच्या हातात देताना मला जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी त्या दहा मिनिटांत वाटली.

तरी मी शिरोली नाक्याजवळच्या त्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलोच. आशा वाईट. क्लार्कनं फोटो बघितला आणि आपलं पावतीपुस्तक टेबलावर ठेवलं. त्यांची पावती हिरवी. माझ्या फोटोतली गुलाबी. 'या महिन्यातले तुम्ही तिसरे,' म्हणाला. तिसरे! मग बाहेर एक कागद चिकटवा की बाबांनो! पावतीचा नंबर ट्रान्सपोर्टला फोन करून पडताळायला दोन मिनिटं लागतात. आणि फोन त्यांच्या पाटीवरच्या नंबरवर करा, पावतीवर छापलेल्या नंबरवर नाही. तो फोन विकणाराच उचलतो.

आता सरकारी कौतुक ऐका.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला २२ तारखेला. दोन दिवस लाजेत गेले, ही माझी चूक, कबूल. पैसे गेल्यावर पहिला तासच खरा, तेव्हा समोरचं खातं गोठवता येतं. त्यामुळे आधी १९३०, रडणं मागाहून. पण फोन लागला तो अकराव्या वेळी. तक्रार घेतली, नंबर दिला, 'पोलीस ठाण्यात जा' म्हणाले. ठाण्यात गेलो, 'हे सायबरकडे'. सायबरकडे गेलो, 'रक्कम लहान आहे, तुमच्याच ठाण्यात द्या'. परत ठाण्यात. तिथल्या साहेबांनी विचारलं, 'काय मागवलं होतं?' मी म्हटलं, जुन्या फियाटचं हेड. 'कशाला?' आता याला काय उत्तर द्यायचं? मागे बसलेला हवालदार हसला. चोरानं लुटलं ते लुटलं, पण आपण त्या गाडीवर प्रेम करतो हाच गुन्हा असल्यासारखी माझीच उलटतपासणी. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, तोही 'चौकशीसाठी'. गुन्हा दाखल नाही. जुन्या कायद्यातलं चारशेवीस नव्या न्यायसंहितेत तीनशे अठरा झालंय एवढी ज्ञानात भर पडली, आणि ती पण मी घरी वाचून घातली.

बँकेची कथा वेगळी. ॲपवर तक्रार केली, उत्तर आलं, 'व्यवहार यशस्वी.' अरे, यशस्वी झाला हीच तर तक्रार आहे! शाखेत गेलो. रिझर्व्ह बँकेचं २०१७चं परिपत्रक छापून नेलं होतं, ग्राहकाची जबाबदारी मर्यादित असते असं सांगणारं. मॅनेजर मॅडमनी ते हातातही घेतलं नाही. 'ते तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर. पिन तुम्हीच टाकला ना?' टाकला. नियमानं त्या बरोबर असतील. पण चार वेगवेगळ्या लोकांचे पैसे एका खात्यात येतात आणि पाच मिनिटांत निघून जातात, हे त्या खात्याच्या बँकेला दिसत नाही? आमच्या पतसंस्थेत एखाद्या भाजीवालीनं एकदम पन्नास हजार भरले तर आम्ही दहा कागद मागतो.

मार्चमध्ये कळलं की समोरच्या खात्यात १,१४० रुपये अडकवून ठेवलेत. मला आनंद झाला, खरंच झाला. ते मिळवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. ओळखीच्या वकिलानं अर्जाचे ५,००० सांगितले, वर 'तुमचे म्हणून'. १,१४० साठी ५,०००. सोडून दिलं.

त्याच आठवड्यात एक फोन आला, 'सायबर विभागातून बोलतोय, तुमची रक्कम मंजूर झाली, प्रोसेसिंगचे ९९९ भरा.' माझा तक्रार नंबर त्याला बरोबर ठाऊक होता. तो कुठून मिळाला, याचंही उत्तर कुणी दिलेलं नाही. या वेळी मात्र माझ्या तोंडून अस्सल कोल्हापुरी बाहेर पडली.

जुने पार्ट मागवणाऱ्यांनो, फोटोवर जाऊ नका. व्हिडिओ कॉल करा आणि वस्तू उलटी करायला सांगा, त्यावर खडूनं तुमचं नाव लिहायला सांगा. तो फोटो इंटरनेटवर शोधून बघा; माझ्या मुलानं शोधला तर तेच हेड चार वर्षांपूर्वी कुणीतरी 'वापरलेलं, चालू स्थितीत' म्हणून विकायला लावलेलं सापडलं. विकणाऱ्याच्या गावात आपल्यातला कुणी ना कुणी पद्मिनीवाला असतोच, त्याला वडापावचे पैसे द्या आणि माल बघायला पाठवा. पैसे माल हातात आल्यावर. 'टोकन दिलं नाही तर दुसरा घेऊन जाईल' म्हणाला तर जाऊ द्या दुसऱ्याला.

चिरलेलं हेड शेवटी उद्यमनगरातच गेलं. ३,५०० वेल्डिंग-फेसिंग, १,२०० चं गास्केट, दोन रविवार माझे. वेल्डरनं काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गाडी एप्रिलपासून चालू आहे, परवा पन्हाळ्यावर जाऊन आली, तापमानाचा काटा मधोमध.

आणि काल इचलकरंजीच्या त्याच मित्रानं एक जाहिरात पाठवली, 'हे घेऊ का?' म्हणून. तोच तिसरा फोटो. भाव आता १५,०००, नंबर नवा, चार गोल तसेच. खाली लिहिलंय, टोकन आधी.