माझा पहिला लॅपटॉप, जुना थिंकपॅड टी-४८०: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

लॅपटॉप यायच्या चार दिवस आधीच त्याचं कव्हर शिवून तयार होतं. सासूबाईंच्या जुन्या इरकलीचं कापड, आत पातळ गादीचा थर आणि कडेला नाडी. माप इंटरनेटवरून घेतलं होतं: रुंदी ३३६.६ मिलिमीटर, खोली २३२.५. घरात नवं माणूस यायच्या आधी अंथरूण घालून ठेवावं, तसं ते कव्हर मी टेबलावर पसरून ठेवलं होतं आणि येता-जाता त्यावरून हात फिरवत होते.

मी चिपळूणला राहते. घरातूनच मराठी अक्षरजुळणी आणि मुद्रितं तपासायचं काम करते. स्मरणिका, लग्नपत्रिका, दोन-तीन दिवाळी अंक, मधूनच कुणाचा तरी कवितासंग्रह. वीस वर्षं हे काम डेस्कटॉपवर केलं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा आम्ही आधी सासूबाईंना माडीवर नेलं, मग गॅसची शेगडी, मग कागदपत्रं. संगणकाकडे वळले तोवर पाणी टेबलाच्या फळीला लागलं होतं. कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस आणि त्या सगळ्या वायरी काळोखात कोण सोडवणार? जुन्या कामाच्या सीडी माडीवरच्या ट्रंकेत होत्या म्हणून वाचल्या. टेबलावरचं चालू काम मात्र गेलं. त्यानंतर जुना डेस्कटॉप घेऊन काम चालू ठेवलं, पण दर पावसाळ्यात रात्री झोपताना नजर त्या कॅबिनेटवर जायची. मला एका हाताने उचलून जिना चढता येईल असं यंत्र हवं होतं. वेग, दिसणं, बाकी सगळं त्यानंतर.

नवा कोरा का घेतला नाही, असं अनेकांनी विचारलं. माझ्या बजेटमध्ये जे नवे येत होते त्यांत बॅटरी आत बंद, अनेकांत रॅमही (चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी स्मृती) बोर्डावरच डकवलेली. बिघाड झाला की मुंबई-पुण्याला पाठवा आणि पंधरा दिवस हात बांधून बसा. दिवाळी अंकाच्या दिवसांत मला ते परवडणार नाही. पुण्याच्या भाच्याने सांगितलं, "मावशी, तू कंपन्यांनी वापरून काढलेला लेनोवोचा थिंकपॅड घे. पण इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली जाऊ नकोस." त्यामागे दोन कारणं होती. या वर्गातल्या प्रोसेसरमध्ये सातव्या पिढीपर्यंत दोन कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) असायचे, आठव्या पिढीत चार आले. आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालते तीही इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच. टी-४८० हा २०१८ सालचा. याच मालिकेत पुढे आलेल्या टी-४९० मध्ये मागून काढता येणारी बॅटरी उरली नाही आणि रॅमचा एक भागही बोर्डावर गेला. म्हणजे मला जे हवं होतं ते ज्यात शेवटचं मिळालं, तेच हे मॉडेल. आय-५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (फाइली साठवायची जागा), सहा महिन्यांची दुकानाची हमी, २१,५०० रुपये.

मागवला १५ मेला. २०२५मध्ये पाऊस मे महिन्यातच आला, हे कोकणात कुणाला सांगायला नको. पार्सल भिवंडीला पोचलं, मग पनवेलला, आणि मग तीन दिवस स्क्रीनवर तीच एक ओळ. मी दिवसातून दहा वेळा बघायचे. घाटात गाड्या अडकल्याचं कळलं की आधी ड्रायव्हरची काळजी वाटायची आणि मग पार्सलची. एका दुपारी 'आज पोचेल' असा मेसेज आला आणि संध्याकाळी 'ग्राहक घरी नाही' असा. मी दिवसभर ओटीवर बसून होते. दुसऱ्या दिवशी यांनी स्वतः कुरियरच्या ऑफिसात जाऊन, ओल्या खोक्यांच्या ढिगातून आमचं खोकं शोधून आणलं. ११ दिवस झाले होते. त्या ११ दिवसांत मी या यंत्राबद्दल जेवढं वाचलं तेवढं माझ्या स्कूटरबद्दलही कधी वाचलं नसेल.

खोक्यावरचा पुठ्ठा भिजला होता, आतला फुगे-प्लॅस्टिकचा थर कोरडा होता. काळा, मॅट, साधा. झाकणावर दोन ओरखडे, तळाला कुठल्याशा कंपनीच्या स्टिकरचा चिकट डाग. झाकणावरच्या नावातल्या 'आय' अक्षराचा ठिपका म्हणजे खरं तर लाल दिवा आहे. यंत्र चालू असलं की तो लागतो, झोपवलं की हळूहळू उघडझाप करतो. पहिल्या रात्री मी खोलीतला दिवा घालवून तेवढंच बघत बसले होते.

आधी तक्रार सांगते. यात दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागून काढता येणारी. वॉट-तास म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. मागे ४८ वॉट-तासांची बॅटरी असेल असं दुकानदाराने सांगितलं होतं, आली २४ची. आतली बॅटरीही मुळात २४ची, पण ती आता जेमतेम १५ धरत होती. फोन केला, आकड्यांचे फोटो पाठवले. आठ दिवसांनी मागची बॅटरी बदलून आली. आतल्या बॅटरीबद्दल मात्र 'जुन्यात एवढं चालायचंच' असं उत्तर मिळालं. तुम्ही घेणार असाल तर दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे आधीच मागून घ्या. 'बॅटरी चांगली आहे' या वाक्यावर व्यवहार करू नका.

आता मांडामांड. यातला आनंद मला अजून पुरलेला आहे. विंडोज ११ आत होतीच, ती अर्ध्या जागेत ठेवली आणि उरलेल्या जागेत लिनक्स मिंट २२, म्हणजे विंडोजसारखीच पण मोफत प्रणाली, टाकायचं ठरवलं. भाचा व्हिडिओ कॉलवर, मी हातात पेनड्राइव्ह घेऊन. एफ-१२ दाबून पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं. मिंट आधी काहीही न पुसता नुसतं चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, कॅमेरा, उजेड कमी-जास्त करायची बटणं, सगळं एकेक तपासलं. एकाही गोष्टीसाठी वेगळा ड्रायव्हर शोधावा लागला नाही. मग 'इन्स्टॉल' दाबलं आणि चहा ठेवला. चहा पिऊन होईपर्यंत ते संपलं होतं.

त्यानंतर जे केलं ते माझ्यासाठी सगळ्यात मोठं होतं. कीबोर्डच्या यादीतून 'मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट' निवडला, कोरा कागद उघडला आणि ठरवून ठेवलेले शब्द टाइप केले: दर्या, दऱ्या. आचार्यांना, आचाऱ्यांना. कुऱ्हाड, तऱ्हा, वाऱ्यावर. सगळे नीट उमटले. ज्यांनी फॉन्टमधला ओबडधोबड रफार बघत आयुष्य काढलं त्यांनाच कळेल, मला त्या क्षणी काय वाटलं.

थोडं सविस्तर सांगते, कारण अक्षरजुळणी करणारे अनेक जण अजून या उंबरठ्यावर थांबलेत. वीस वर्षं मी श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइपरायटरच्या मांडणीने काम केलं. तिथे जसं दिसतं तसं टाइप करायचं: 'कि' लिहायला आधी वेलांटी, मग क. रफार शेवटी. त्या जुन्या फाइली मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली मराठी चित्रं असतात. फॉन्ट नसला की सगळं अगम्य. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराच्या क्रमाने जायचं: आधी क, मग वेलांटी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. शिफ्ट दाबून 'र'च्या बटणावर ऱ, 'ल'च्या बटणावर ळ. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तक्ता काढून भिंतीला लावला. पहिले दहा दिवस बोटं वेलांटी आधी शोधायची आणि डोकं दुखायचं. पाचव्या आठवड्यात तक्ता काढून टाकला. बटणांवर मराठीचे स्टिकर लावले नाहीत, आणि ते बरं झालं. बघायला काही नसलं की बोटं लवकर शिकतात.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, बदलताना एक गोष्ट लक्षात आली, ती लिहून ठेवते. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी, आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही, 'अ'वर चंद्र देऊन ते लिहिलं जातं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एकाला दुसरा सापडत नाही. 'ऱ्य'चंही तसंच, तो दोन वेगळ्या प्रकारांनी साठवलेला असू शकतो. एका स्मरणिकेत लेखकाचं नाव बदलायचं होतं, सगळीकडे बदललं असं वाटलं आणि चार जागी जुनंच राहिलं. तेव्हापासून कुठलीही फाइल हातात आली की मी आधी या दोन अक्षरांची एकवाक्यता करून घेते, मगच वाचायला बसते.

पानं लावायला स्क्रायबस वापरते. १.६ या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं नीट बसतात. पेजमेकरची सवय सुटायला दोन महिने गेले. मुक्ता हा फॉन्ट मोफत आहे आणि पत्रिकांपासून अंकांपर्यंत चालतो. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ पाठवली की छापखान्याचे फोन कमी येतात. २०२५च्या दिवाळीत दोन अंक, मिळून जवळपास ३०० पानं, याच यंत्रावर झाले. स्क्रायबस, ब्राउझर आणि फोटोंचं सॉफ्टवेअर एकदम उघडलं तेव्हा ८ जीबी कमी पडायला लागले. म्हणून ऑगस्टमध्ये आणखी ८ची पट्टी घातली.

ती मी स्वतः घातली. भाच्याने बजावलं होतं, "आधी बायोसमधून आतली बॅटरी बंद कर, मगच तळ उघड." बायोस म्हणजे यंत्राची अगदी मूळची सेटिंग. तिथून ती बंद केली, मागची बॅटरी काढली. तळाला सहा स्क्रू, ते ढिले झाले तरी झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. जुनं एटीएम कार्ड कडेने फिरवलं, झाकण टप टप करत सुटलं. आत दुसरी जागा रिकामी होती. पट्टी तिरकी सरकवून खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या खिट्या बसल्याचा आवाज आला. पुन्हा चार्जर लावला, बटण दाबलं आणि १६ जीबी दिसले. ज्या यंत्रावर पोट चालतं त्याचं पोट स्वतः उघडून बंद करता आलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

कीबोर्डबद्दल: दिवसाला सहा-सात तास टाइप करणाऱ्यांसाठी इतका चांगला कीबोर्ड मी तरी याआधी वापरला नव्हता. बटण खाली जाताना कळतं आणि वर येताना बोटाला ढकलतं. मधला लाल ठिपका, जो माऊसचं काम करतो आणि या घराण्यात १९९२ पासून आहे, पहिल्या महिन्यात मला नकोसा वाटत होता. आता माऊस खणात आहे. मुद्रितं तपासताना हात बटणांवरून न उचलता ओळीओळीने जाता येतं आणि संध्याकाळी मनगट भरून येत नाही. डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएन आहे. ती दोन्ही बायोसमधून अदलाबदल करून घ्या, नाहीतर रोज चुकाल. पडदा साधा फुल एचडी, घरात पुरेसा आहे, ओटीवर दुपारच्या उजेडात फिका पडतो. रंगांचं काम करायचं असेल तर वेगळा मॉनिटर जोडा. एचडीएमआय आहेच.

लाईट गेली की काय करायचं, हा आमच्याकडचा खरा प्रश्न. सप्टेंबरात ७२ वॉट-तासांची मोठी बॅटरी घेतली. ती लावली की यंत्र मागून उचललं जातं आणि लिहिण्याच्या उताराच्या मेजासारखं होतं, मला तो उतार आवडतो. यंत्र आधी मागची बॅटरी वापरतं, मग आतली. त्यामुळे मागची संपली की चालू कामातच ती काढून दुसरी लावता येते. काहीही बंद होत नाही. मोठ्या बॅटरीवर माझं नऊ-दहा तास काम होतं. टीएलपी नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाकून चार्ज ८० टक्क्यांवर थांबवते, बॅटरी जास्त टिकावी म्हणून. जून ते सप्टेंबर मात्र पूर्ण १००. पावसाळ्यात बॅटरीचं आयुष्य वाचवण्यापेक्षा आजची रात्र महत्त्वाची.

जुलैत एका रात्री साडेबाराला शेजारच्या काकांनी हाक मारली, "वहिनी, पुलाकडे पाणी वाढतंय." मी झाकण मिटलं, चार्जर खिशात घातला, कव्हर काखेत मारलं आणि माडीवर गेले. एवढंच. दोन मिनिटंही लागली नाहीत. नंतर खाली येऊन यांच्याबरोबर धान्याचे डबे वर नेले. पाणी आमच्या गल्लीत आलं नाही, पण ती रात्र मी माडीवर बसून सोळा पानं वाचून काढली.

येत्या एप्रिलमध्ये आतली बॅटरी बदलणार आहे, तीही स्वतःच. कुणाला कव्हर शिवायचं असेल तर वर दिलेल्या मापावर जाऊ नका. मागच्या मोठ्या बॅटरीचा फुगवटा त्यात धरलेला नाही. मला सप्टेंबरात एक बाजू उसवून तळाला पट्टी जोडावी लागली. बॅटरी लावून मगच माप घ्या आणि शिवणीसाठी दोन सेंटिमीटर जास्त सोडा.