'डॅड्स आर्मी': 1971 चा की 2016 चा?

'डॅड्स आर्मी' या ब्रिटिश विनोदी मालिकेवरचे दोन्ही चित्रपट बघायला वेळ नसेल, तर निवड करावी लागते. बीबीसीची मूळ मालिका 1968 ते 1977 चालली. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या होम गार्डची, म्हणजे बहुतांशी वयस्कर स्वयंसेवकांची ही गोष्ट.

अभिनयात खरा फरक आहे. 1971 च्या चित्रपटात मालिकेतलीच मंडळी आहेत. आर्थर लोचा तोऱ्यातला बँक मॅनेजर कॅप्टन मॅनरिंग आणि जॉन ल मेझररचा शांत, खानदानी सार्जंट विल्सन यांची जुगलबंदी तोवर चांगली मुरली होती. वर्गाचा सल, हुद्द्याचा ताठा, सगळं एका नजरेत येतं. 2016 मध्ये त्याच भूमिकांत टोबी जोन्स आणि बिल नाय आहेत. दोघेही कसलेले, आणि जोन्सने नक्कल टाळली हे मला मनापासून आवडलं, पण ती मुरलेली सवय आणता येत नाही.

कथा? जुन्यात 1940 साली तुकडी उभी राहताना दिसते, त्यामुळे नवख्यालाही सगळं कळतं. मांडणी मात्र सुटे भाग जोडल्यासारखी. नव्यात 1944 सालची एकसंध हेरकथा आहे, आणि स्त्रियांना जास्त वाव.

मालिकेची गोडी हवी असेल तर 1971 चा बघा. घरात सगळ्यांसोबत सरळ गोष्ट बघायची असेल तर 2016 चा.