आर्लिंग्टन आणि डेव्हिस बेंड: दोन मळे, दोन हिशेब

व्हर्जिनियातलं आर्लिंग्टन म्हणजे अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेचे सेनानी असलेल्या जनरल लींची सासुरवाडी. मे १८६१ मध्ये त्यांच्या पत्नी मेरी ली घर सोडून निघाल्या आणि किल्ल्या सेलिना ग्रे या गुलाम बाईकडे देऊन गेल्या. जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरच्या वस्तू चोरीला जाताहेत हे तिनेच उत्तरेच्या सेनापतीच्या कानावर घातलं. पुढे ९२ डॉलर ७ सेंट करापायी इस्टेट सरकारजमा झाली, आवारात सैनिकांच्या कबरी आल्या. तरी १८८२ मध्ये लींच्या थोरल्या मुलाने सुप्रीम कोर्टात दावा जिंकलाच. पुढच्या वर्षी सरकारने ती जमीन त्याच्याकडून दीड लाख डॉलरला विकत घेतली.

मिसिसिपीतलं डेव्हिस बेंड मला जास्त बोलकं वाटतं. युद्धात दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष असलेल्या जेफर्सन डेव्हिसच्या थोरल्या भावाने, जोसेफने, १८६६ मध्ये मळे विकले, तेही आपल्याच जुन्या गुलामाला! बेंजामिन माँटगोमेरी गुलामीतच तिथलं दुकान चालवायचा. सौदा तीन लाख डॉलरचा, उधारीवर. मग पूर आला, कापसाचा भाव पडला, व्याज थकलं. १८७७ मध्ये माँटगोमेरी वारला. पुढच्याच वर्षी जेफर्सन डेव्हिसने त्यातल्याच ब्रायरफील्ड या मळ्याचा दावा जिंकला.

लींच्या हाती निदान जमीन राहिली नाही.