गोदामातील आवक आणि ब्लाइंड रिसीव्हिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गोदामात आलेला माल उतरवून घेण्यासाठी हातातला बारकोड स्कॅनर आणि त्याला जोडलेली आवक नोंदणीची प्रणाली आम्ही आठ महिन्यांपासून वापरत आहोत. तिच्यातल्या ज्या सोयीने खरा फरक पडला, ती म्हणजे मोजणाऱ्याला अपेक्षित संख्या न दाखवणे, म्हणजेच ब्लाइंड रिसीव्हिंग. पूर्वी चलनावर ४८ खोकी लिहिलेली असली की दमलेला माणूस ४७ मोजूनही ४८ वर खूण करत असे. त्यात लबाडी नव्हती. आकडा आधी डोक्यात बसला की मोजणी त्याच्याकडेच ओढली जाते. आता मोजलेली संख्या भरल्यानंतरच खरेदी आदेशाशी ताळा होतो आणि फरक आल्यास दुसरी व्यक्ती नव्याने मोजते.

तिसऱ्या महिन्यातली एक पॅलेट (खोकी थरांनी रचलेला फळ्यांचा सपाट पाट) माझ्या चांगलीच लक्षात आहे. एका थरात ९ खोकी, असे ४ थर, म्हणजे ३६, असा हिशेब करून मोकळे होण्याची आमची जुनी सवय होती. प्लॅस्टिकचे वेष्टन काढून एकेक खोके स्कॅन केले, तेव्हा ३४ भरली, कारण खालच्या दोन थरांत मधली जागा रिकामी होती आणि बाहेरून चारही बाजू भरलेल्या दिसत होत्या. पोच देण्यापूर्वीच हे कळल्यामुळे तुटीचा शेरा चालकासमोर लिहिता आला. आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतुकीच्या १९५६ च्या सीएमआर करारातही उघड दिसणारे नुकसान माल ताब्यात घेतानाच कळवावे लागते, तर न दिसणाऱ्या नुकसानीसाठी रविवार आणि सुट्ट्या वगळून ७ दिवस मिळतात. म्हणूनच सहीपूर्वीची ती काही मिनिटे मला सर्वांत मोलाची वाटतात.

मालाच्या वापराच्या मुदतीच्या नोंदीबाबत मात्र मी पूर्ण समाधानी नाही. जीएस१-१२८ या जास्त माहिती साठवणाऱ्या बारकोडच्या लेबलवर १० या ओळखक्रमांकामागे बॅच आणि १७ मागे मुदत असते, त्यामुळे दोन्ही आपोआप नोंदले जातात. पण ज्या खोक्यांवर केवळ वस्तूची ओळख सांगणारा १३ अंकी ईएएन कोड असतो, त्यांची मुदत हाताने भरावी लागते आणि ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हा घोळ प्रणाली ओळखत नाही. याशिवाय शीतगृहातून डॉकवर (माल चढवण्या-उतरवण्याच्या जागेवर) आल्यावर स्कॅनरच्या काचेवर दव धरते, तेव्हा ती पुसत बसावे लागते.

संशयित माल प्रणालीत 'रोखलेला' दाखवता येतो. तरी त्याच्यासाठी वेगळी आखलेली जागा नसेपर्यंत तो आमच्याकडे दोनदा चांगल्या मालात मिसळला होता. ही प्रणाली घेण्याचा विचार असेल, तर आपल्या पुरवठादारांची खरी लेबले, विशेषतः फिकट छपाईची आणि चुरगळलेली, सोबत नेऊन आधी स्कॅन करून पाहावीत.