फिकट ओक रंगाचं किचन: गणपतीपासून होळीपर्यंतचा अनुभव (आणि एक पट्टी)

कुकरच्या वरच्या कपाटाच्या शटरची, म्हणजे दाराची, कडेची पट्टी सुटली, त्यावरून किचन बसवणाऱ्या कंपनीशी वाजलं, म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर किचनवर लिहीत बसायला वेळ कोणाकडे आहे! सुरुवातीला चिडचिड दिसेल, ती सांभाळून घ्या.

माहिती एका दमात सांगते, कारण किचन करायला निघालेल्यांना हे सगळं पाठच असतं. डोंबिवलीतला दोन बेडरूमचा फ्लॅट, एल आकाराचा ओटा, वर काळा ग्रॅनाइट, खाली ट्रॉल्या, वर शटरची कपाटं, कोपऱ्यात एक टॉल युनिट, म्हणजे उंच कपाट. बॉक्स, म्हणजे कपाटांचे सांगाडे, ७१० मरीन प्लायचे (पाण्याला टिकणारं प्लायवुड), शटरं एचडीएचएमआरची (ओलाव्याला टिकणारा दाबलेला बोर्ड), त्यांवर एक मिलीमीटरचा मॅट सनमायका, रंग फिकट ओक. सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या. हँडल नाहीत, त्याऐवजी ॲल्युमिनियमचं जी प्रोफाइल, म्हणजे बोटं घालून ओढायची खाच. जीएसटी धरून दोन लाख चाळीस हजार. गणपतीच्या आधी लागलं, आता होळी होऊन गेली.

फिकट रंग घेऊ नका, असं सांगणाऱ्यांची रांग लागली होती. सासूबाई तर शेड कार्ड बघूनच म्हणाल्या, "अगं, हे किचन आहे की दवाखाना?" भाऊ म्हणाला, दिवाळीपर्यंत पिवळं पडेल. शोरूमवालासुद्धा वॉलनटकडेच ढकलत होता, "मॅडम, डार्कमध्ये मेन्टेनन्स नाही." पण आमच्या किचनची खिडकी शेजारच्या विंगच्या भिंतीकडे उघडते. तिथे आधी चॉकलेटी सनमायका होता आणि भर दुपारी ट्यूबलाइट लावून भाजी निवडावी लागायची. आता संध्याकाळचा चहा होईपर्यंत दिवा लागत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी आजही हाच रंग घेईन. आणि ही परदेशी फॅशन वगैरे काही नाही. कोकणात माझ्या आजोळी शिवणीच्या फळ्यांचं फडताळ होतं, तेही असंच फिकट पिवळसर. त्यावर कोणी दवाखाना म्हटल्याचं आठवत नाही.

आता हळद. सगळ्यांना तिचीच भीती, म्हणून तिचं आधी उरकते. सनमायक्यावर हळद बसत नाही. फोडणीचा शिंतोडा लगेच ओल्या फडक्याने पुसला तर निघतो, रात्रभर राहिला तरी थोड्या घासण्याने निघतो. हळद बसते ती दोन ठिकाणी: शटरच्या कडेच्या पीव्हीसी पट्टीवर आणि ओटा व टाइल्सच्या सांध्यातल्या पांढऱ्या सिलिकॉनवर. आमच्या बाईंनी एकदा पट्टीवरचा डाग कपड्याच्या साबणाने घासला तर तो लालच झाला, आणि बिचाऱ्या घाबरल्या. घाबरण्यासारखं काही नाही. हळदीला चुना लावून कुंकू करतात ना, तोच प्रकार; साबणातल्या खाराने रंग बदलतो. स्वच्छ पाण्याने पुसलं की पुन्हा पिवळा. डाग घालवायचा खरा उपाय ऊन. ह्या बिजागऱ्यांना मागे एक खटका असतो, तो दाबला की शटर स्क्रू न काढता हातात येतं. ते ड्राय बाल्कनीत उन्हाकडे कड करून उभं ठेवायचं. दोन-तीन दुपारी दिल्या की डाग फिका होत होत जातो. कुठलंही क्लीनर विकत आणावं लागलं नाही, आणि हे मला शोरूममध्ये कोणी सांगितलं नव्हतं. सिलिकॉनचा सांधा मात्र पिवळाच आहे, तिथे ऊन पोचत नाही. ओटा काळा असेल तर सांध्यात काळंच सिलिकॉन भरायला सांगा.

तर आता पट्टी.

शेगडीच्या डाव्या बर्नरवर आमचा कुकर असतो. त्याच्या बरोबर वर, ओट्यापासून दोन फुटांवर, कप-बशांच्या कपाटाचं शटर येतं. डिसेंबरात त्या शटरच्या खालच्या कडेला एक बारीक तपकिरी रेघ दिसायला लागली. मला वाटलं तेलकट मळ आहे. घासला, गेला, आठवड्याने परत हजर. नंतर लक्षात आलं की तो मळ वर बसत नाहीये, पट्टी आणि फळीच्या मधल्या फटीत शिरतोय. जानेवारीत नख आत जायला लागलं. फेब्रुवारीत एका सकाळी वरणाच्या शिट्ट्या झाल्या, मी कप काढायला शटर उघडलं, तर पट्टीचं टोक लोंबत होतं. खाली बघितलं तर फळीचा कोपरा पापडासारखा फुगलेला.

माझा राग कशावर आहे ते नीट सांगते. कोटेशनमध्ये ठळक अक्षरात लिहिलं होतं, '७१० मरीन प्लाय'. ह्या आयएस ७१० च्या प्लायची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून होते. शोरूममध्ये त्यांनी पाण्याच्या पेटीत बुडवून ठेवलेला तुकडासुद्धा दाखवला होता. पण ते प्लाय बॉक्सचं! बॉक्स भिंतीला टेकून आत बसलेला असतो, त्याला कोण उकळायला जातंय? वाफ रोज झेलतं ते शटर, आणि शटर असतं दाबलेल्या लाकडी तंतूंच्या बोर्डचं. बोर्ड वाईट नाही, एमडीएफ नावाच्या साध्या बोर्डपेक्षा दमट हवेत बराच चांगला टिकतो. पण त्याचं सगळं आयुष्य कडेच्या त्या पट्टीवर. पट्टी सुटली की वाफेला दार उघडं. आणि पट्टी कशाने चिकटवली होती? गरम करून लावायच्या गोंदाने. म्हणजे आत ७२ तास उकळूनही न हलणारं लाकूड, आणि बाहेर कुकरच्या तीन शिट्ट्यांत मान टाकणारी पट्टी.

कंपनीला फोन केला. फोटो पाठवा म्हणाले, पाठवले. व्हिडिओ पाठवा, पाठवला. मग म्हणाले, व्हिजिट चार्ज पाचशे अधिक जीएसटी, म्हणजे पाचशे नव्वद. वॉरंटीत आहे ना? तर, "मॅडम, दहा वर्षांची वॉरंटी बिजागऱ्या आणि बॉक्सची. एज बँडिंग ओल्या भागातल्या झिजेत येतं." एज बँडिंग म्हणजे हीच कडेची पट्टी. स्वयंपाकघरात कोरडा भाग कोणता, असं विचारल्यावर पलीकडे शांतता. मग दुसऱ्या कोणीतरी फोन घेतला आणि मलाच विचारलं, चिमणी लावता का? लावते. पण चिमणीची जागा तुमच्याच डिझायनरने ६० सेंटिमीटरची सोडली आणि शेगडी बसवली ७५ची. डावा बर्नर चिमणीच्या बाहेर अर्धा. त्याची वाफ चिमणी कशी ओढणार? ह्यावर "फीडबॅक पुढे पाठवतो". मी १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. पाचशे नव्वद रुपये तासाभरात माफ झाले. माणूस परवा येईल म्हणाले.

इथपर्यंत लिहून हे तसंच ठेवलं होतं. तेव्हा शेवटी पाचपैकी दोन तारे द्यायचे ठरवले होते. मधे माणूस येऊन गेला, त्यामुळे काही गोष्टी बदलून लिहिते.

आलेले काका साठीच्या आसपासचे, पिशवीत हॉट एअर गन, पात्याची पट्टी आणि गोंदाचा डबा. त्यांनी शटर उतरवलं, जमिनीवर चादर टाकून आडवं ठेवलं आणि उरलेली पट्टी हळूच सोलून मला आतली बाजू दाखवली. जिथे गोंद नीट होता तिथे ती चकचकीत होती. पण सुटलेल्या टोकाकडे दोन बोटं रुंद जागेत गोंद जवळजवळ नव्हताच, नुसते ठिपके. "ताई, मशीनमध्ये शटर सरकवताना पहिला तुकडा कधी कधी कोरडा राहतो. तपासायला पाहिजे, पण तपासतंय कोण." म्हणजे वाफेने नुसतं निमित्त केलं, पट्टी पहिल्या दिवसापासून अर्धवट होती. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती कोटेशन घेणाऱ्यांनी लिहूनच ठेवावी. नेहमीचा गरम गोंद, ज्याला ईव्हीए म्हणतात, थंड झाला की धरतो आणि पुन्हा तापला की पुन्हा मऊ पडतो. पीयूआर नावाचा दुसरा गोंद हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो आणि मग उष्णतेने परत वितळत नाही. मशीन वेगळी लागते, थोडा महाग पडतो. निदान शेगडी, सिंक आणि डिशवॉशरच्या आजूबाजूची शटरं त्याच गोंदाची मागा. मी तरी आजवर कुठल्या कोटेशनमध्ये गोंदाचं नाव वाचलेलं नाही.

काकांनी तात्पुरती पट्टी लावून दिली आणि शटर कारखान्यातून नवीन येईल असं लिहून दिलं. फुगलेला कोपरा परत बसत नाही, हे त्यांनीच कबूल केलं. वर सल्ला दिला की कपाटाच्या खालच्या कडेला ॲल्युमिनियमची एल पट्टी लावून घ्या, वाफ पुढे सरकेल, कडेला भिडणार नाही. हार्डवेअरच्या दुकानात ती दीडशे रुपयांना मिळाली, नवऱ्याने रविवारी लावली. दोन लाख चाळीस हजारांच्या किचनमध्ये दीडशे रुपयांची ही पट्टी डिझायनरला सुचू नये, ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आणि आता फिकट रंगाबद्दल. डिसेंबरात ती तपकिरी रेघ दिसल्यावर मी ह्याच रंगाला शिव्या घातल्या होत्या: बारीकसारीक सगळं दिसतं, रोज फडकं हातात. आमच्याच मजल्यावर शेजारच्या वहिनींनी ह्याच कंपनीकडून गडद वॉलनट केलंय, आमच्या आधी महिनाभर. काका आलेत म्हटल्यावर त्यांनीही बोलावून घेतलं. त्यांच्याकडे सिंकखालच्या दोन शटरांच्या पट्ट्या सुटलेल्या, आतून बोर्ड फुगलेला, आणि त्यांना पत्ताच नाही, कारण गडद कडेवर मळाची गडद रेघ दिसणार कुठून. त्यांची दोन्ही शटरं बदलावी लागणार. माझं एकच, तेही वेळेत. तेव्हा 'डार्कमध्ये मेन्टेनन्स नाही' ह्याचा अर्थ मला आता लागला आहे. हाच फायदा आतल्या बाजूलाही आहे: बॉक्स आतून पांढरे असल्याने मुंग्यांची रांग आणि झुरळाचं पिल्लू बल्ब न लावता दिसतं.

बाकीचं पटापट. खाली फळ्यांऐवजी सगळीकडे पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर घेतले, हा ह्या किचनमधला सर्वांत चांगला खर्च. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आता त्या परात आणि कढई न वाकता काढतात. दवाखाना म्हणायचं त्यांनी ह्या ड्रॉवरमुळेच बंद केलं असावं. कोपऱ्यातलं फिरतं कॅरोसेल घेऊ नका, पैसे वाया; त्यात बसतं कमी आणि मागे पडलेलं झाकण काढायला हात खांद्यापर्यंत घालावा लागतो. बॉटल पुलआउट, म्हणजे बाटल्यांचा अरुंद सरकता कप्पा, ठीक. स्टीलच्या जाळ्या ३०४ ग्रेडच्या मागा, सिंकजवळ त्याखालचं काही नको.

जी प्रोफाइल दिसायला सुंदर, पण पोळ्या करताना पिठाचे हात त्याच खाचेत जातात, आणि आठवड्याने तिथे पीठ आणि तेलाचा जो थर जमतो तो जुन्या टूथब्रशनेच निघतो. पोळ्यांच्या जागेखालच्या ड्रॉवरला तरी साधं हँडल लावा, कोणी काही म्हणो.

शेड निवडताना एकच बघा: नमुन्याचा तुकडा घरी आणून आपल्या किचनच्या उजेडात, आपल्या टाइल्सशेजारी उभा करा. शोरूमच्या पिवळ्या दिव्यात सगळेच ओक मधासारखे दिसतात. आमच्याकडे दोन शेड घरी आणल्यावर एक चक्क गुलाबी निघाली. आणि तुकडा बघताना त्याचा चेहरा बघून झाला की कडेवरून, विशेषतः टोकांवरून नख फिरवा. माझ्या बाकीच्या सगळ्या शटरांवर मी ते काका गेल्यावर फिरवलं, कुठे अडकलं नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. नवीन शटर पीयूआरचं आलं तर चार करीन. शेवटच्या हप्त्यातले बारा हजार मी सुरुवातीपासून रोखून धरले आहेत, शटर बसल्यावर देणार असं मेलवर कळवलं आहे. आता रोज सकाळी त्यांचाच फोन येतो. फोटो मागत नाहीत.